दवाखाना आणि घर यांच्या मधले काम : भंडारा जिल्हा आणि मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता

मानसिक आरोग्यसेवेत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचार परिचारिका यांच्या बरोबरीने काम करणारा चौथा प्रशिक्षित माणूस म्हणजे मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता. सरकारी दप्तरात ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाचेही पद आहे. डॉक्टर निदान करून औषध ठरवतात, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि बोलून करायच्या उपचारांच्या बैठका घेतात, परिचारिका शुश्रूषा पाहते. सामाजिक कार्यकर्त्याचे प्रश्न वेगळे असतात. रुग्ण कोणाबरोबर राहतो? गोळ्या कोण देते? घरात कमावते हात किती? बदल पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आला आणि इथे येण्याआधी कुठे कुठे नेऊन झाले? गावात त्याच्याशी कोण बोलते, कोण टाळते? पुढच्या महिन्यात पुन्हा यायला एसटीचे भाडे आहे का? या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले की उत्तम औषधही दोन-तीन महिन्यांत बंद पडते, रुग्ण आजारी होऊन परत येतो किंवा येतच नाही. म्हणून तज्ज्ञ मोजके आणि गावे पुष्कळ अशा जिल्ह्यात या कामाचे मोल अधिक आहे.

भंडारा हा असाच जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके उरले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १२,००,३३४. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी, साकोलीकडे जंगल असा हा मुलूख आहे. जिल्हा रुग्णालय भंडाऱ्यात, उपजिल्हा रुग्णालये तुमसर आणि साकोलीत. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. विदर्भातल्या सगळ्या जिल्ह्यांची भिस्त नागपूरच्या ९४० खाटांवर. भंडारा शहरापासून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, पण लाखांदूरच्या टोकाच्या गावातून हेच अंतर शंभराच्या पुढे जाते. मनातले अंतर त्याहून मोठे आहे. त्या रुग्णालयाला गावात आजही ‘पागलखाना’ म्हणतात, आणि तिथे एकदा नेलेल्या मुलामुलीचे लग्न जुळणार नाही या धास्तीने घरचे लोक आजार दडवून ठेवतात.

अशा आजारांचे प्रमाण किती, याचा देशपातळीवरचा भरवशाचा अंदाज बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून मिळतो. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, मात्र भंडाऱ्याला लागून असलेला मध्य प्रदेश आणि जवळचा छत्तीसगड होता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. निरनिराळ्या आजारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. १०.६ टक्क्यांचे प्रमाण लावले आणि भंडाऱ्याची प्रौढ लोकसंख्या आठ लाख धरली, तर सुमारे ८५ हजार माणसे होतात. त्यातल्या बहुतेकांचा त्रास उदासी, चिंता आणि व्यसन या वर्गातला. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-अवसाद यांसारखे तीव्र आजार कमी लोकांना होतात, पण ज्या घरात होतात ते घर वर्षानुवर्षे त्यात अडकून पडते.

या मोठ्या संख्येतले लोक दवाखान्यात का येत नाहीत? भंडाऱ्याच्या खेड्यात तरुण मुलगा एकाएकी झोपेनासा झाला, एकटाच बोलू लागला, जेवणात कोणी काही घातले म्हणून ताट फेकू लागला, तर घरच्यांना पहिली शंका येते ती करणीची किंवा बाहेरच्या बाधेची. मग मांत्रिक, एखादे देवस्थान, दर्गा, दूरच्या गावचा बाबा असा प्रवास होतो. त्यात महिने जातात, कधी वर्षे. एखादी शेळी, एखादा दागिना, कधी अर्धा एकर जमीन जाते. तज्ज्ञापर्यंत माणूस पोचतो तेव्हा आजार जुना झालेला असतो आणि हातात पैसा उरलेला नसतो.

इथे सामाजिक कार्यकर्त्याची पहिली कसोटी लागते. कुटुंबाच्या श्रद्धेची टर उडवली तर ते घर पुन्हा तोंड दाखवत नाही. अनुभवी कार्यकर्ता नवस, पूजा, अंगारा याला हात लावत नाही. त्याच्यासोबत गोळीही सुरू ठेवा, एवढेच सांगतो. गुजरातमध्ये मीरा दातारच्या दर्ग्याच्या आवारात ‘दवा-दुआ’ या नावाने डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, ते याच समजुतीने. मात्र जिथे मारहाण, चटके, उपाशी ठेवणे किंवा साखळदंड येतो, तिथे तडजोड नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले, ते त्यांना पळता आले नाही म्हणून. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार असलेल्या कोणालाही, कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही अघोरी उपचारांवर लागू होतो. पण गावात बांधून ठेवलेला माणूस दिसला की कार्यकर्त्याने लगेच कायद्याचे कलम पुढे केले, तर घरचे त्या माणसाला आणखी आत कोंडतील. दिवसभर शेतावर जावे लागते, मागे त्याला पाहायला कोणी नाही, तो विहिरीकडे धावतो, म्हणून आईनेच दोर बांधलेला असतो. तो दोर सोडवायचा तर आधी त्या आईच्या दिवसाची व्यवस्था लावावी लागते.

या व्यवसायाचा उगम अमेरिकेतला. बोस्टनच्या मनोरुग्णालयात मेरी जॅरेट यांनी १९१३ पासून समाजसेवा विभाग उभा केला आणि १९१८ मध्ये स्मिथ कॉलेजात या कामाचे पहिले प्रशिक्षण सुरू झाले. भारतात हे काम मुंबईत रुजले. नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. मुलांच्या मानसिक अडचणींसाठी तिथे सुरू झालेल्या बालमार्गदर्शन केंद्रात या व्यवसायाचे देशातले पहिले पद निर्माण झाले. १९५४ मध्ये बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था, म्हणजे आजची निम्हान्स, उभी राहिल्यावर प्रशिक्षणाला दुसरे केंद्र मिळाले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातेवाइकांना सोबत राहायला बोलावले. घरच्यांनी आजार पाहिला, समजून घेतला, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. भिंतीआडच्या उपचाराला भारतीय कुटुंबाने दिलेले हे एक ठळक उत्तर होते.

कुटुंबाचे महत्त्व पुढे संशोधनानेही दाखवले. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून स्किझोफ्रेनियातून बरे होऊन घरी गेलेल्यांचा मागोवा घेतला. ज्या घरांत सतत टीका, राग किंवा गुदमरवणारी अति-काळजी होती, तिथे आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. ज्युलियन लेफ आणि डॉ. एन. एन. विग यांनी हाच अभ्यास चंडीगडमध्ये केला, तेव्हा भारतीय घरांत अशी टीका लंडनपेक्षा कमी असल्याचे आढळले. एकत्र कुटुंबात ओझे वाटून घेतले जाते आणि आजारी माणसालाही काही ना काही काम मिळते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. पण भंडाऱ्यातली कुटुंबेही आता लहान होत चालली आहेत. तरुण मुले कामाला बाहेर गेलेली, घरात म्हातारे आई-वडील आणि एक आजारी भाऊ, हे चित्र तालुक्या-तालुक्यात आहे. तिथे जुन्या कुटुंबाच्या भरवशावर राहता येत नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, लाखांदूर तालुक्यातल्या बावीस वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. डॉक्टरांकडे रांग मोठी, त्यांना दहा-पंधरा मिनिटे मिळतात. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ता आई-वडिलांना बाजूला घेऊन बसतो. ‘आमचं काही चुकलं का?’ हा आईचा पहिला प्रश्न असतो. हा मेंदूचा आजार आहे, संगोपनातल्या चुकीने तो होत नाही, हे तिला पटेपर्यंत पुढे जाता येत नाही. वडिलांचा प्रश्न वेगळा : किती दिवसांत बरा होईल? दोन वर्षे, कदाचित जास्त, असे उत्तर ऐकून ते गप्प होतात. मग कार्यकर्ता समजावतो की मुलगा दिवसभर झोपतो तो आळस नाही. काही अंशी आजार आहे, काही अंशी औषध. त्याला ‘काम कर, खातोस फुकट’ म्हणून टोचायचे नाही आणि त्याच्या हातून सगळे काढूनही घ्यायचे नाही. पहिल्या महिन्यात बैलांना पाणी दाखवणे, दुसऱ्या महिन्यात बांधावर चक्कर, असे काम हळूहळू वाढवायचे. आवाज ऐकू येतात असे तो म्हणाला तर वाद घालायचा नाही, हो-ला-होही लावायचे नाही. झोप उडणे, जेवण टाकणे, संशय वाढणे ही आजार उलटण्याची आधीची लक्षणे, ती दिसताच यायचे. हे सारे प्रमाण मराठीत सांगून भागत नाही, इथल्या झाडीबोलीत सांगावे लागते. दवाखान्यातली पुस्तकी भाषा पुढ्यात आली की माणसे नुसती मान डोलावतात.

औषध का सुटते, याची कारणे तर दवाखान्याच्या बाहेरच सापडतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी लागली की पऱ्हे उपटण्यापासून चिखलात लावण्यापर्यंत घरातला प्रत्येक हात बांधीत असतो. त्या दिवसांत भंडाऱ्याला जाणे म्हणजे रुग्णाची आणि सोबत्याची, अशी दोन माणसांची मजुरी बुडवणे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता. हे वेळापत्रक ठाऊक असलेला कार्यकर्ता रोवणीच्या आधीच दीड-दोन महिन्यांचे औषध मिळेल का, जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गोळ्या मिळतील का, गोळी घेणे टाळणाऱ्या रुग्णाला दोन ते चार आठवड्यांनी द्यायचे दीर्घ परिणामाचे इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारून ठेवतो. लिथियम घेणारा माणूस वैशाखाच्या उन्हात कामावर जात असेल, तर अंगातले पाणी कमी होऊन रक्तातले औषध धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. पाणी भरपूर प्यायचे, मीठ तोडायचे नाही, हात थरथरले किंवा उलट्या झाल्या तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, ही सूचना चिठ्ठीवर लिहून पुरत नाही. ती घरातल्या समजत्या माणसाच्या कानावर घालावी लागते, आणि पुढच्या भेटीत पुन्हा विचारावी लागते.

कागदपत्रांचे काम कोणाला आकर्षक वाटत नाही, पण गरीब घराला त्याचा मोठा आधार असतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य आहेत आणि त्यांत मानसिक आजारही आहे. त्याचे मोजमाप ठरलेल्या मापनश्रेणीने होते. स्वतःची काळजी घेणे, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, व काम ही चार अंगे त्यात पाहतात. रुग्ण तपासणीच्या दिवशी नीट कपडे घालून येतो आणि दोन प्रश्नांची बरी उत्तरे देतो. घरी तो आठवड्यातून एकदाही आंघोळ करत नाही, हे तिथे दिसत नाही. घरचा खरा वृत्तान्त मांडण्याचे काम सामाजिक कार्यकर्त्याचे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले की संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करता येतो आणि एसटीची सवलत मिळते. बऱ्याच घरांत आजारी माणसाचे नाव रेशनकार्डावरून उडालेले असते, कधी वाटणीत सातबारावरूनही. ते परत लावून घेणे हाही उपचाराचाच भाग आहे, कारण घरात ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला ठेवून घ्यायला भाऊ-भावजयी लवकर कंटाळतात.

सर्वांत अवघड टप्पा मनोरुग्णालयातून घरी परतण्याचा. बरे होऊनही वर्षानुवर्षे तिथेच राहिलेली माणसे राज्याच्या सगळ्या मनोरुग्णालयांत आहेत. कोणाचा पत्ता चुकीचा दिलेला, कोणाचे आई-वडील वारलेले, कोणाला घरचे सरळ ‘नको’ म्हणतात. अशा माणसांना महाराष्ट्रात भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये हा प्रकार तातडीने थांबवण्याचा आदेश दिला. २०१७ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि रुग्णाला सोडताना पुढच्या उपचारांचा आराखडा रुग्ण व त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी यांच्याशी बोलून तयार करण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकली आहे. प्रत्यक्षात या आराखड्यातले घरचे बारकावे सामाजिक कार्यकर्त्यालाच भरावे लागतात. तो भेटीआधी गावात निरोप पाठवतो, पोलीस पाटलाला आणि आशाताईला विश्वासात घेतो, दोन-तीन दिवसांच्या सुटीवर रुग्णाला घरी पाठवून पाहतो, शेजाऱ्यांशी बोलतो. शेजाऱ्यांची भीती ही बहुधा जुन्या एखाद्या प्रसंगाची असते. पाच वर्षांपूर्वी त्याने कोणावर तरी दगड उगारलेला असतो आणि गावाची आठवण तिथेच थांबलेली असते.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांचा प्रश्न भंडाऱ्याला भौगोलिक कारणानेही भेडसावतो. मुंबई-हावडा लोहमार्ग भंडारा रोड आणि तुमसर रोड या स्थानकांवरून जातो. राष्ट्रीय महामार्ग ५३ भंडारा, लाखनी, साकोली ओलांडत छत्तीसगडकडे जातो. या वाटांनी शेकडो किलोमीटर दूरचा माणूस इथे येऊन पडू शकतो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत न्यायचे आहे, कोठडीत ठेवायचे नाही, आणि घराचा शोधही घ्यायचा आहे. उपचाराने माणूस थोडा शुद्धीवर आला की खरा शोध सुरू होतो. एखादे गावाचे नाव, नदी, बाजाराचा वार, बोलण्यातला एखादा शब्द, यांवरून छत्तीसगड, ओडिशा की बंगाल हे ताडायचे आणि त्या ठाण्याला फोन लावायचा. डॉ. भरत वाटवानी यांची कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था अनेक वर्षे हेच काम करते. त्यासाठी त्यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोचवल्यावर महिन्यांचे औषध सोबत देणे आणि त्या गावाशी संपर्क राखणे, हा त्या पद्धतीतला गाभा आहे. नुसते पोचवले तर माणूस पुन्हा भटकतो.

आत्महत्येचा प्रयत्न करून वॉर्डात आलेल्यांकडे पाहण्याची दृष्टी कायद्याने बदलली आहे. शेतकरी घरांत कीटकनाशक हाताशी असते, आणि क्षणाच्या उद्वेगात ते पिणारे बरेच असतात. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे आणि तिच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारने घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तरी पोलिसांच्या भीतीने ‘चुकून प्यायलं’ असेच घरचे सांगतात. विष उतरले की डॉक्टर सुटी देतात. त्याआधी कोणी तरी शांतपणे विचारले पाहिजे : कर्ज आहे का, नवरा मारतो का, दारू आहे का, पुन्हा तसा विचार येतो का. कीटकनाशकाचा डबा कुलपात किंवा शेतावरच्या झोपडीत ठेवायला लावणे ही साधी गोष्ट जीव वाचवते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेला प्रेरणा प्रकल्प १४ जिल्ह्यांसाठी होता, मराठवाड्यातले आठ आणि पश्चिम विदर्भ-वर्ध्याचे सहा. धानपट्ट्यातला भंडारा त्यात नव्हता. कापसाच्या पट्ट्याइतकी धानाच्या शेतकऱ्याच्या दुःखाची चर्चा होत नाही, पण अवकाळी पावसाने भिजलेल्या धानाचे ओझेही मनावर तितकेच पडते.

दारूबाबत इथे कार्यकर्त्याला गावातच साथी मिळू शकतात. बाबा जुमदेव यांच्या ‘परमात्मा एक’ मार्गाचे सेवक भंडारा-नागपूर भागात मोठ्या संख्येने आहेत आणि त्या मार्गात दारू वर्ज्य आहे. गावोगावची श्रीगुरुदेव सेवा मंडळे आहेत. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा आणि सोबत लागते. ती अशा मंडळांत मिळते. मात्र जुना दारुडा एकदम दारू सोडतो तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झटके किंवा भ्रम येऊन जीवावर बेतू शकते. म्हणून शपथ घेण्याआधी दवाखाना, हा क्रम सेवकांना आणि मंडळांना समजावणे कार्यकर्त्याचे काम.

स्त्रियांचे आजार तर अनेकदा आजार म्हणून ओळखलेच जात नाहीत. बाळंतपणानंतर रडणारी, बाळाला जवळ न घेणारी सून ‘नखरेल’ ठरते. आजारी बायकोला माहेरी सोडून नवरा निघून जातो, तिचे दागिने आणि मुले सासरीच राहतात. इथे समुपदेशन आणि न्याय एकमेकांत गुंतलेले असतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, पोटगीचा दावा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील हे सारे कार्यकर्त्याला माहीत असावे लागते, कारण घर तुटले तर तिचे औषधही तुटते.

सामूहिक आघातांचा अनुभवही भंडाऱ्याने घेतला आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने गावे पाण्याखाली गेली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात लागलेल्या आगीत दहा बाळे गेली. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगार मृत्युमुखी पडले. अशा वेळी मदतीचे धनादेश लवकर येतात, पण बाळ गमावलेल्या आईची झोप सहा महिन्यांनीही परतलेली नसते. सुरुवातीचे आठवडे औषधापेक्षा सोबतीचे असतात : ऐकून घेणे, खरी माहिती देणे, कागदपत्रांत मदत. दु:ख हा आजार नव्हे. मात्र काही महिन्यांनंतरही जेवण, झोप आणि काम रुळावर येत नसेल, तर ती माणसे शोधून उपचारांशी जोडावी लागतात. त्यासाठी यादी, पत्ते आणि पुन्हा पुन्हा भेटी लागतात. गोसीखुर्द धरणात गाव गेलेल्या कुटुंबांबाबतही हेच खरे आहे. पुनर्वसनात घर मिळाले तरी शेजार विस्कटतो, आणि मनाचा पुष्कळसा भार शेजारच पेलत असतो.

एवढे सगळे कोण करणार, हा प्रश्न टाळता येत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला, बेल्लारीच्या प्रयोगावरून बेतलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या आकृतिबंधात जिल्ह्याला एक मनोविकारतज्ज्ञ, एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, एक मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका आणि काही साहाय्यक धरलेले आहेत. बारा लाख लोकांमागे एक कार्यकर्ता! त्याने रोज एक घर पाहिले तरी वर्षाला तीनशेच्या आसपास घरे होतील, आणि बाह्यरुग्ण विभाग, शिबिरे, शाळांतले कार्यक्रम व अहवाल हे सारे त्याच दिवसांत बसवायचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येनुसार समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे एम.फिल. असलेलाच मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता ठरतो. नागपूरच्या समाजकार्य महाविद्यालयांतून एम.एस.डब्ल्यू. होणारे तरुण पुष्कळ आहेत, एम.फिल.च्या जागा देशभर थोड्या. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने या व्यवसायाला आरोग्यसेवेच्या यादीत स्थान दिले. पण जिल्ह्यातली जागा वाढल्याशिवाय त्याचा लाभ लाखांदूरच्या त्या मुलापर्यंत जाणार नाही.

एकट्या तज्ज्ञावर न थांबता गावातल्या माणसांना तयार करण्याचा मार्ग विदर्भातच तपासला गेला आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावचे आरोग्यकार्यकर्ते लोकांशी बोलत, त्रास ओळखत आणि मानसिक प्रथमोपचार देत. त्यांच्यावर समुपदेशक, आणि गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञ. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. अठरा महिन्यांनी ते प्रमाण २७.२ टक्के झाले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेची ‘मानसमित्र’ ही कल्पनाही याच दिशेची. भंडाऱ्यात आशा कार्यकर्त्या आहेतच. त्यांना लक्षणे ओळखायला शिकवणे, अवघड घरी सोबत जाणे आणि त्यांचा स्वतःचा थकवा ऐकून घेणे, असे काम त्या एका सामाजिक कार्यकर्त्याने केले तर त्याचा हात शंभर गावांपर्यंत पोचतो. आशाताईंच्या कामाच्या यादीत हे आणखी एक बिनमोबदल्याचे काम होऊ नये, ही अट मात्र आधी मान्य व्हायला हवी.

१० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री-अपरात्री घाबरलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग होतो. पुढे प्रत्यक्ष तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. उपचारांना नकार, छळ किंवा जबरदस्तीच्या भरतीबाबत तक्रार असेल तर २०१७ च्या कायद्याने नेमायच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. या मंडळाच्या अध्यक्षस्थानी जिल्हा न्यायाधीश किंवा तशा दर्जाची व्यक्ती असते आणि मानसिक आजारातून गेलेले किंवा त्यांची काळजी घेणारे लोकही सदस्य असतात. अर्जासाठी लागणारी विधी मदत मोफत मिळण्याचा हक्क त्याच कायद्यात दिलेला आहे.